आठ कपड्यांचे कपाट

मार्च महिना उजाडला की कापडाच्या दुकानांत 'स्प्रिंग-समर' अशा पाट्या लागतात. काचेमागच्या पुतळ्यांच्या अंगात फिकट रंगाचे कोट येतात, गळ्याभोवती झिरझिरीत मफलर येतात आणि पायांत मोज्यांशिवाय घातलेले बूट. युरोपात वसंत म्हणजे अंगावरचा जाड ओव्हरकोट उतरवण्याचा ऋतू. तिथे हे सगळे शोभते. आपला वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. पंचांगात तो पालवीचा असतो आणि प्रत्यक्षात घामाचा. मुंबईत २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझला ४१.७ अंश तापमान नोंदले गेले होते, ते याच 'वसंतात'. पुण्याकडची तऱ्हा आणखी वेगळी. पहाटे फिरायला निघावे तर पंधरा-सोळा अंश, आणि दुपारी बँकेत पासबुक भरून घ्यायला जावे तर पस्तीसच्या पुढे. सकाळी अंगावर काहीतरी हवे असते, आणि दुपारी अंगावर आहे तेही नकोसे होते.

त्यातच हल्ली निमंत्रणपत्रिकांच्या तळाशी एक नवी ओळ आली आहे : 'पोशाख - स्मार्ट कॅज्युअल'. स्वागत समारंभ असो, कंपनीचा मेळावा असो की कुणाची एकसष्टी असो, ही ओळ असतेच. मग घराघरांत पुरुषमंडळी कपाट उघडून उभी राहतात. एका बाजूला लग्नातला सूट असतो. दुसऱ्या बाजूला घरात घालायचे विटलेले टी-शर्ट असतात. मधला जो प्रदेश या दोन शब्दांना अभिप्रेत आहे, तो बहुतेक कपाटांत रिकामाच असतो. त्या रिकाम्या जागेविषयी आज लिहायचे आहे. विषय वरवर पाहता हलका वाटेल. पण छत्तीस-सदतीस वर्षे बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसल्यावर माझी खात्री झाली आहे की पुरुषाच्या अंगावरच्या कपड्याचा संबंध त्याच्या रुबाबापेक्षा त्याच्यासमोर बसलेल्या माणसाशी अधिक असतो.

आधी हे 'स्मार्ट कॅज्युअल' प्रकरण आले कुठून ते पाहू. प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर १९६० च्या दशकात शर्ट बनवणाऱ्या व्यापाऱ्यांनी एक मोहीम चालवली. तिथल्या उकाड्यात कोट-टाय घालून कचेरीत बसण्यापेक्षा निदान शुक्रवारी तरी तिथला फुलाफुलांचा मोकळा शर्ट घालू द्यावा, अशी त्यांची मागणी होती. ती मान्य झाली आणि 'अलोहा फ्रायडे' सुरू झाला. पुढे ही कल्पना अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेली. लेव्ही स्ट्रॉस कंपनीने १९८६ मध्ये खाकी सुती पँटींचा नवा प्रकार बाजारात आणला होताच. १९९२ मध्ये तिने कचेरीत सैल पण नीटनेटके कपडे कसे घालावेत याची एक पुस्तिका काढली आणि हजारो कंपन्यांच्या कर्मचारी-विभागांना पाठवून दिली. म्हणजे मुळात उकाड्यावरचा उपाय होता, त्याचा नंतर व्यापार झाला. आपल्याकडे तो संगणक कंपन्यांबरोबर आला. बंगळुरू-पुण्यातल्या चकचकीत इमारतींत शुक्रवारी टाय सुटला आणि मग हळूहळू सोमवारीही सुटला.

आता गंमत पहा. या जगभरच्या सैल पोशाखाची नावे आपण उलगडू लागलो तर त्यांतली निम्मी आपल्याच अंगणात येऊन थांबतात. 'खाकी' हा शब्द फारसी 'खाक' म्हणजे धूळ यावरून आला. १८४० च्या दशकात पेशावरकडच्या इंग्रजी पलटणीने लाल डगल्यांऐवजी धुळीच्या रंगाचे कपडे घातले आणि पुढे तो रंग जगभरच्या सैन्यांचा झाला. आज तरुण मुले ज्याला 'चिनोज' म्हणतात ती याच खाकी वंशातली सुती ट्विलची पँट. मुंबईच्या डोंगरीवरून जाड्याभरड्या सुती कापडाला नाव पडले, ते इंग्रजीत 'डंगरी' होऊन कामगारांच्या पोशाखाला चिकटले. मद्रासच्या चौकड्यांचा शर्ट अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांनी उन्हाळ्याचा शर्ट म्हणून डोक्यावर घेतला. 'सीअरसकर' नावाच्या चुरचुरीत उन्हाळी कापडाचे नाव 'शीर-ओ-शक्कर', म्हणजे दूध-साखर, या फारसी शब्दांवरून बनले. पायजम्याविषयी तर बोलायलाच नको. हे सारे कपडे ज्या हवेत जन्मले ती आपली हवा. आपण मात्र त्या बदल्यात लंडनच्या धुक्यातला टाय गळ्यात बांधून घेतला आणि नागपूरच्या उन्हात उभे राहिलो.

याच्यात नुसता विनोद असता तर मी हसून सोडून दिले असते. पण त्या टायचे काम काय होते, हे मी जवळून पाहिले आहे.

मी १९८२ साली बँकेत लागलो. पहिली नेमणूक मराठवाड्यातल्या एका बाजारपेठेच्या गावी झाली. तेव्हा अधिकाऱ्याचा मान सफारी सुटात होता. वरच्या कचेरीतून कुणी पाहणीला येणार असले की शाखेत टाय दिसू लागत, मग महिना मे का असेना. कर्जासाठी येणारा शेतकरी दारात चपला काढून आत येई. खुर्ची पुढे केली तरी टेबलाची कड धरून उभाच राही आणि विचारलेल्या प्रश्नाला 'जी साहेब' एवढेच उत्तर देई. विहिरीला पाणी किती, गेल्या वर्षीची उधारी कुणाची, बैलजोडी स्वतःची की सालाने आणलेली, हे त्याला विचारायचे असे. त्याची उत्तरे कागदावर यायची, पण ती साहेबाला आवडतील अशी यायची. आमच्या शाखेत एक वयस्कर क्षेत्र अधिकारी होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सुती शर्ट, खाकी पँट आणि पायात चपला, हा त्यांचा बारमाही पोशाख. ते गावात गेले की पारावर बसत आणि माणसे त्यांच्याशी घडाघडा बोलत. कुणाची विहीर आटली आहे, कुणाच्या भावांत वाटणीचा वाद आहे, हे सारे त्यांना ठाऊक असे. त्यांनी शिफारस केलेली कर्जे क्वचितच बुडत.

सगळे श्रेय शर्टाला देण्याइतका मी भोळा नाही. तो माणूसच बोलका होता. पण सफारी घालून पारावर बसताच येत नाही, हेही तितकेच खरे. इस्त्री मोडेल या धास्तीने माणूस आधी रुमाल अंथरतो आणि तो रुमाल पाहूनच समोरचा अर्धे बोलणे गिळतो.

पुढे काही वर्षांनी मला उलट बाजू दिसली. मी नोकरभरतीच्या मुलाखतींना बसू लागलो होतो. खेड्यापाड्यांतून, तालुक्याच्या कॉलेजांतून मुले येत. अनेकांच्या अंगात कुणाचा तरी मागून आणलेला कोट असे. खांदे ओघळलेले, बाह्या अंगठ्यापर्यंत आलेल्या. एका मुलाला शेतीकर्जाचा प्रश्न विचारला. उत्तर त्याला येत होते, त्याच्या घरचाच तो विषय होता. पण त्याचे दोन्ही हात बाह्या वर सारण्यात गुंतले होते. समितीचे प्रमुख शेवटी म्हणाले, "बाळा, कोट काढून ठेव बघू खुर्चीवर, आणि मग बोल." कोट निघाला आणि तो मुलगा पाच मिनिटे असा बोलला की आम्हीच लिहून घेऊ लागलो. त्याचा आतला साधा निळा शर्ट त्याच्या मापाचा होता, स्वच्छ होता. तोच घालून तो आला असता तर काय बिघडले असते? पण तसे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. त्याला सगळ्यांनी एवढेच सांगितले होते की मोठ्या लोकांपुढे मोठ्या लोकांसारखे जावे.

म्हणून माझी 'स्मार्ट कॅज्युअल'ची व्याख्या अशी आहे. ज्या कपड्यात आपण शिपायाशी, साहेबाशी, व्याह्यांशी आणि भाजीवालीशी एकाच दिवशी, मध्ये घरी येऊन कपडे न बदलता, सारख्याच मोकळेपणाने बोलू शकतो, तो स्मार्ट कॅज्युअल. समोरचा आपल्यामुळे लहान होऊ नये आणि आपणही कुणासमोर लहान होऊ नये. शिवाय हे सगळे आपल्या हवेत घामाघूम न होता जमावे.

ही गोष्ट अवघड नाही, हे इतर देशांनी दाखवले आहे. जपानसारख्या शिस्तीच्या देशात २००५ मध्ये सरकारनेच 'कूल बिझ' नावाची मोहीम काढली. उन्हाळ्यात कचेऱ्यांतली वातानुकूलन यंत्रे २८ अंशांवर ठेवायची आणि त्या बदल्यात कर्मचाऱ्यांनी कोट-टाय उतरवायचे. पंतप्रधान कोइझुमी स्वतः टायशिवाय वावरले, मग बाकीच्यांची भीड चेपली. बांगलादेशात २००९ मध्ये वीज वाचवण्यासाठी सरकारी पुरुष कर्मचाऱ्यांना मार्च ते नोव्हेंबर सूट-टाय न घालण्याचा आदेश निघाला. आपल्याकडे वकिलांच्या नियमांतही सर्वोच्च आणि उच्च न्यायालये वगळता इतर न्यायालयांत उन्हाळ्यापुरती काळ्या कोटाची सक्ती नाही. आणि नियम माणसाला किती हास्यास्पद करू शकतो याचा नमुना चेन्नईत घडला. जुलै २०१४ मध्ये तिथल्या क्रिकेट संघटनेच्या क्लबात एका पुस्तकाच्या प्रकाशनाला आलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तिकडचे धोतर, नेसल्याबद्दल दारातच अडवण्यात आले. पुढच्याच महिन्यात तामिळनाडू विधानसभेने असे अडवणे बेकायदा ठरवणारा कायदा केला. स्वतःच्या गावात स्वतःचा पोशाख घालण्यासाठी कायदा करावा लागावा, यातच सारे आले.

आता कपाटाकडे वळू. मी आकड्यांचा माणूस, त्यामुळे यादीही मोजून देतो. आठ कपडे.

पहिला आणि दुसरा : पूर्ण बाह्यांचे दोन सुती शर्ट, एक पांढरा आणि एक फिकट निळा. बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या की दुपारचा शर्ट, सोडून बटण लावले की संध्याकाळचा. तिसरा : लिननचा किंवा पातळ सुती कापडाचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खालून सरळ कापलेला, पँटीबाहेर राहणारा. आमच्या लहानपणी याला मनिला किंवा बुशशर्ट म्हणत. आपल्या हवेसाठी याहून शहाणा कपडा मला माहीत नाही. चौथा : कॉलरचा, विणलेल्या सुताचा टी-शर्ट. फ्रेंच टेनिसपटू रने लाकोस्त लांब बाह्यांच्या ताठ शर्टाला कंटाळला आणि १९२६ मध्ये असला आखूड बाह्यांचा शर्ट घालून अमेरिकेतल्या स्पर्धेत उतरला, तेव्हापासून हा रूढ झाला. छातीवर भलेमोठे चिन्ह नसलेला घ्यावा. फुकटात दुसऱ्याची जाहिरात करायला आपण काही भिंत नाही. पाचवी : खाकी किंवा राखी रंगाची सुती ट्विलची पँट. सहावी : गडद निळी जीन, न फाडलेली आणि न विटवलेली. सातवा : हातमागाचा आखूड कुर्ता, गुडघ्याच्या वर संपणारा. आणि आठवे : जाकीट, बिनबाह्यांचे, बंद गळ्याचे, गडद रंगाचे. पुण्याच्या पहाटेसाठी आणि वातानुकूलित सभागृहासाठी तेच उत्तर आहे. दुपारी काढून हातावर टाकता येते आणि खुर्चीच्या पाठीवरही घडी करून राहते.

हिशेब पहा. वरचे पाच कपडे, खालच्या दोन पँटी, म्हणजे दहा जोड्या. दोन्ही शर्ट आणि कुर्ता यांवर जाकीट चढवले की आणखी सहा. आठ कपड्यांत सोळा पोशाख. शिवाय रंग असे की अंधारात हात घालून कोणतेही दोन काढले तरी भांडणार नाहीत.

दुसरा हिशेब वापराचा. समजा, सूट वीस हजारांना शिवला आणि दहा वर्षांत पाच वेळा घातला. एका वेळेचा खर्च चार हजार. दीड हजारांचा शर्ट आठवड्यातून एकदा याप्रमाणे तीन वर्षे घातला, तर एका वेळेला दहा रुपयेही पडत नाहीत. आमच्याकडे लग्नासाठी कर्ज मागायला येणाऱ्यांच्या खर्चाच्या यादीत नवरदेवाचा सूट ठळक असे, मुहूर्त वैशाखातला, मंडप पत्र्याचा. त्या सुटाचे पुढे काय होते हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. डांबराच्या गोळ्यांच्या वासात तो वर्षानुवर्षे लटकतो आणि जेव्हा खरेच हवा असतो तेव्हा पोटावर बसत नाही.

कापडाविषयीही थोडे. सुती धागा आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा नुसत्या हवेतून धरतो, लिनन बाराच्या आसपास, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. घाम टिपणे आणि घाम अंगावरच राहणे यातला फरक तो एवढा. सुताचा 'काउंट' जितका मोठा तितके कापड तलम. रोजच्या शर्टाला चाळीस ते साठ पुरे, शंभरचे कापड मऊ लागते पण जपावे लागते. लिनन हे जवसाच्या ताटातल्या तंतूपासून बनते. ज्या जवसाची आपण चटणी करतो त्याच झाडाची ही दुसरी जात, दाण्यासाठी नव्हे तर धाग्यासाठी लावलेली. सुती कापड शिवायला टाकण्यापूर्वी पाण्यातून काढण्याची आपल्या आयांची पद्धत अगदी शास्त्रशुद्ध होती. आटायचे ते आधीच आटून जाते.

आणि माप. शर्टाची खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर आली पाहिजे. बाकी सारे शिंपी दुरुस्त करू शकतो, खांदा नाही. कोपऱ्यावरचा शिंपी अजून टिकून असेल तर त्याच्याकडे जाच. तो शिवणीत थोडे जादा कापड आत राखतो, त्याला 'माया' म्हणतात. पोट सुटले, तब्येत उतरली, थोरल्याचा शर्ट धाकट्याला द्यायचा झाला, तर ही माया उपयोगी पडते. तयार कपड्यांत ती सहसा नसते. कापडाच्या धंद्यात हा शब्द कुणी आणला कोण जाणे, पण त्याने नेमका शब्द आणला.

पायांत काय? एक जोड तपकिरी कातड्याचे साधे बूट आणि एक जोड चांगल्या कोल्हापुरी चपला. कोल्हापुरीला कमी लेखणाऱ्यांनी जून २०२५ ची हकिगत आठवावी. मिलान शहरात प्राडा या इटालियन कंपनीने पुरुषांच्या पुढल्या वसंत-उन्हाळ्यासाठीचे कपडे सादर केले, तेव्हा तिथल्या तरुणांच्या पायांत चक्क कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला होत्या. मूळ कुणाचे याचा उल्लेखही नव्हता. इकडून ओरड झाली, मग कंपनीने त्या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरांची असल्याचे मान्य केले. भौगोलिक ओळखीची अधिकृत नोंद तोवर कोल्हापुरीला मिळालेलीच होती. आपल्या वसंताला काय शोभते हे मिलानने सांगण्याची वाट आपण का पाहावी?

इथे एक आक्षेप येईल, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सुती कपड्यांचे गुणगान पुरुष करतात, पण त्या कपड्यांची इस्त्री कोण करते?

माझे वडील शिक्षक होते. त्यांचा पांढरा सदरा आणि धोतर धुऊन, निळीच्या पाण्यातून काढून, खळ देऊन, कोळशाच्या इस्त्रीने कडक करणे हे आईचे रविवारचे काम. दिवाळीला एकाच ताग्यातून आम्हा भावंडांचे शर्ट निघत, तेही त्याच राशीत येऊन पडत. टेरिलीनचा शोध १९४१ साली ब्रिटनमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी लावला. आमच्या गावात ते कापड पोचायला पंचवीस-तीस वर्षे लागली. टेरिकॉटचा पहिला शर्ट घरात आला तो रात्री धुतला की सकाळी घालता येई, इस्त्रीचे नाव नको. आई म्हणाली, "या कापडाने माझा रविवार मोकळा केला." त्या कापडात वडिलांना घामोळे येई, तरी त्यांनी ते शेवटपर्यंत घातले. त्यांनी कारण कधी सांगितले नाही. मला वाटते, आईचा मोकळा रविवार त्यांना दिसला होता.

तेव्हा पॉलिएस्टरला नावे ठेवण्यापूर्वी हे ऋण मानले पाहिजे. ते स्वस्त होते, टिकाऊ होते आणि त्याने लाखो घरांतल्या बायकांच्या मनगटांना विश्रांती दिली. आजही रोज बाहेर राबणाऱ्या, एकाच जोडावर आठवडा काढणाऱ्या माणसाला सुती-लिननचा उपदेश करण्याचा हक्क कुणाला नाही. तो उपदेश ज्याच्या कपाटात चाळीस कपडे आहेत आणि घालायला एकही नाही, अशा माझ्यासारख्या मध्यमवर्गीयालाच आहे, आणि तोही एका अटीवर. ज्याला सुती शर्ट हवा त्याने तो स्वतः धुवावा आणि स्वतः इस्त्री करावा. हे काही शास्त्रातले गूढ नव्हे. शर्ट पिळून न काढता हँगरवर वाळत घालावा, शिवणी हाताने ओढून सरळ कराव्यात. किंचित दमट असतानाच इस्त्रीला घ्यावा. आधी कॉलर, मग खांदा, मग कफ, मग बाह्या, शेवटी पुढचे-मागचे. सवय झाली की दहा मिनिटांच्या आत शर्ट होतो. लिननला तर इस्त्री केली नाही तरी चालते. त्याची चुरगळ हाच त्याचा स्वभाव आहे आणि जगभर ती आता मान्यही झाली आहे. निवृत्त माणसाकडे वेळ असतो. तरुणांनी मोबाइल पाहण्यातली दहा मिनिटे द्यावीत. इस्त्री करणारा पुरुष आपल्या कपड्यांची संख्या आपोआप कमी करतो, हा अनुभव घेऊन पाहावा.

दुसरा आक्षेप तरुणांचा. आठच कपडे, तेही निळे-पांढरे-खाकी? मग मौज कुठे राहिली? मौज जरूर करावी. लाल शर्ट घ्यावा, पोपटी घ्यावा, फुलाफुलांचा घ्यावा. हे आठ म्हणजे घरातला वरण-भात आहे, तो असला की वरचे पक्वान्न पचते. माझा विरोध फक्त त्या कपड्याला आहे, जो आपण स्वतःसाठी घेत नाही आणि हवेसाठीही घेत नाही, 'लोक काय म्हणतील' एवढ्यासाठीच घेतो. लोक काही म्हणत नाहीत, त्यांना त्यांचाच कोट उकडत असतो.

आणि माझ्या वयाच्या मंडळींना एक विनंती. निवृत्तीनंतर आपल्यातले बरेच जण 'आता कुणाला दाखवायचेय' म्हणून गंजीफ्रॉक आणि लेंग्यावर दिवस काढू लागतात. दारावर कुणी आले की आत पळतात. हळूहळू आत पळण्याचीच सवय लागते, मग वाचनालय सुटते, मित्र सुटतात, लग्नाकार्यांत कोपऱ्यातली खुर्ची बरी वाटू लागते. सकाळी आंघोळीनंतर स्वच्छ मनिला आणि खाकी पँट चढवून बसलेला माणूस बेल वाजल्यावर उठून स्वतः दार उघडतो. एवढा फरक पुष्कळ आहे.

गुढीपाडव्याला नवे कपडे घेण्याची आपल्याकडे रीत आहे. यंदा घेण्याआधी कपाटातले सगळे कपडे पलंगावर काढावेत. गेल्या दोन वर्षांत न घातलेले बाजूला करावेत, धुऊन आणि बटणे लावून ज्याला मापात बसतील त्याला द्यावेत. फाटके देऊ नयेत. उरतील ते या आठांशी ताडून पाहावेत. बहुधा पाच-सहा निघतीलच. राहिलेले दोन-तीन घ्यावेत आणि घेताना दुकानातल्या आरशासमोर फार वेळ उभे राहू नये. मांडी घालून खाली बसून पाहावे, हात वर करून पाहावेत, आणि हा शर्ट घालून आपण कुणाकुणाच्या घरी जाऊ शकू ते मनात मोजावे. यादी लांब झाली तर पैसे द्यावेत.